बारकीचा समुद्र

मुदखेड, १८ जानेवारी

शिल्पे,

फोन करणार नाही असं मी म्हणाले होते. पत्र लिहिणार नाही असं म्हणाले नव्हते. तुझे दाजी ह्या कागदांचे फोटो काढून तुझ्या मोबाईलवर पाठवतील. वाचणार नाही म्हणालेत. रेल्वेतला माणूस आहे, सिग्नल बघितल्याशिवाय पुढं सरकत नाही. तेव्हा वाचतीलच. वाचू दे.

अभिनंदन करायला लिहायलेय. लातूरच्या पेपरात तुझा फोटो आला. रविवारच्या पुरवणीत, अर्धं पान. ‘चाकूरची लेक व्हेल शार्कच्या संगतीत.’ खाली तू, पाठीवर ती टाकी, आणि तुझ्या डोक्यावरून चाललेला तो मासा. तोंड म्हणजे आपल्या न्हाणीचं दार. अंगावर पांढरे ठिपके, काळ्या लुगड्यावर कुणी तांदूळ सांडल्यासारखे. खाली लिहिलंय, जगातला सगळ्यात मोठा मासा, पण माणसाला काही करत नाही, पाण्यातलं बारीकसारीक गाळून खातो. छान आहे.

संक्रांतीला मी चाकूरला होते. अण्णांनी स्टँडवरचे होते तेवढे सगळे पेपर उचलून आणले. एक फोटो लॅमिनेट करून मायच्या फोटोशेजारी लावला. तिळगूळ द्यायला जो येईल त्याला आधी भिंतीपुढं उभं करायचे. “माझी शिल्पा. मालदीवला असती. ह्यो मासा बघा, ह्याच्यासंगं पवती.” अण्णांची, म्हणजे किशनराव पाटलांची, छाती एवढी फुगलेली मी आयुष्यात बघितली नव्हती. हणमंतराव मास्तर आले होते. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, “आन् ह्या?” अण्णा म्हणाले, “ही थोरली. ही मुदखेडला असती.”

एवढंच. ही मुदखेडला असती.

येताना बसमध्ये तुझी मुलाखत वाचली. प्रश्न होता, पोहायला कुणी शिकवलं? तुझं उत्तर: ‘वडिलांनी, आमच्या शेतातल्या विहिरीत.’

शिल्पे, अण्णा विहिरीच्या काठावर बसून बिडी ओढायचे. तुझ्या पाठीला डालड्याचा रिकामा डबा कुणी बांधला? दोरी काचते म्हणून खाली मायच्या जुन्या पातळाची घडी कुणी घातली? तुझ्या हनुवटीखाली हात धरून पायरीपासून पायरीपर्यंत कुणी फिरवलं? तू सहा वर्षांची, मी तेरा. तू पाणी पिऊन ओकलीस तेव्हा मायच्या हातचा मार मी खाल्ला.

आणि तळापर्यंत कोण जायचं, तेही सांगायचं होतंस. संगमेश्वरकाकांच्या मोटारीचा फुटवाल, ती पाइपाच्या टोकाची झडप, गाळात अडकला की गडी काठावर उभे राहायचे आणि हाक मला यायची. पोहण्यात जिल्ह्याला पहिली आले. पुढं राज्याला जायचं होतं तर अण्णा म्हणाले, पोरीच्या जातीला एवढं बस्स. दुसऱ्या वर्षी लग्न. तुझ्या वेळेला तोच माणूस तुझी बॅग घेऊन स्टँडवर आला होता. मधल्या काळात त्यांना काय झालं? मी झाले. मी रडून, उपाशी राहून, दोन वर्षं अबोला धरून त्यांना नरम केलं. जमीन मी नांगरली, पीक तुझ्या वाट्याला आलं.

मला हेवा वाटतो असं समजू नको. मला वेळ कुठाय? रोज सकाळच्या गाडीनं नांदेडला जाते, बायकांच्या बॅचला पोहायला शिकवते, दुपारच्या गाडीनं परत येते. त्या बायका चार फूट पाण्यात तरंगल्या तरी मला हात जोडतात.

पुन्हा एकदा अभिनंदन.

उज्वला

ता. क. तुझे व्हिडिओ मी बघत नाही. ती हिरव्या चष्म्याची गोरी म्हातारी, जिचा हात धरून तू तिला माशाजवळ नेतेस, तिला पाय हलवता येत नाहीत. गुडघ्यातून मारते. मांडीतून मारायला सांग.


नांदेड, ११ फेब्रुवारी

शिल्पे,

तुझं उत्तर मिळालं. एवढं लांब कशाला लिहिलंस? त्यात मुलाखतीबद्दल एक अक्षर नाही. नुसती माशाची माहिती, आणि शेवटी ‘अक्का, ये.’

मला माहिती देऊ नको. कुठं कुठं दिसतात ते मला आता पाठ झालंय. गुजरातेत वेरावळकडं येतात, तिथले कोळी जाळ्यात अडकला तर जाळं कापून सोडून देतात. फिलिपिन्सला एका गावात रोज खायला टाकून बोलावतात आणि ते तुला पटत नाही. ऑस्ट्रेलियात त्यांचा हंगाम असतो, मेक्सिकोत कळपानं येतात. आणि तुमच्या मालदीवात, दक्षिण आरीच्या बेटांपाशी, बारा महिने. पण तिथं येणारे बहुतेक कोवळे नर. वयात आलेल्या मोठ्या माद्या कुठं जातात ते अजून कुणाला नीट सापडलं नाही, असं तू एका व्हिडिओत सांगतेस. हसत सांगतेस. थोरल्या बाया कुठं जातात हे शोधायला कुणी बोट काढलेली नसते, त्यात नवल काय?

(व्हिडिओ तुझे दाजी बघतात. मला आवाज ऐकू येतो.)

हे पत्र वहिदाच्या दुकानात बसून लिहायलेय. वहिदा माझ्या बॅचला येते. इतवाऱ्यात तिचं शिवणाचं दुकान आहे. गळ्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा पोहायचा ड्रेस ती शिवते, त्यामुळं बॅचच्या निम्म्या बायका पाण्यात उतरल्या. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. मशीन थांबवून म्हणाली, “बहन समंदर में बुला रही, और तू?”

“मला सर्दी झालीय,” मी म्हणाले.

“सर्दी दो महिने की?”

“कान गच्च आहे.”

“जलन है तो जलन बोल, उज्वला. जलन को सर्दी मत बोल.”

मी उठून जाणार होते, पण माझं ब्लाऊज तिच्याकडं होतं.

सर्दी खरीच आहे. मधे लातूरला कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आले. तू त्या डुबकीच्या कोर्सचा कागद पाठवलास, त्यावर डॉक्टरची सही लागते, त्यासाठी गेले नव्हते. असंच गेले होते. त्यानं कानात नळी घालून आतलं टीव्हीवर दाखवलं. पोहणं बंद करा म्हणाला. सर्दीत डॉक्टर असंच म्हणतात.

तेव्हा तो कागद राहू दे. मला टाकी बांधून खाली जायची हौस नाही. मी पाण्यात जाते तेव्हा पाठीवर काही लागत नाही मला.

तुझ्या त्या व्हिडिओत तू लोकांना नाक दाबून कानातून हवा काढायला शिकवतेस. दर चार हाताला थांबायचं, हवा काढायची, मग पुढं. आपल्याला हे कुणी सांगितलं होतं गं? विहिरीत खाली जाताना कानात दाभण घुसल्यासारखं व्हायचं. मला वाटायचं, खोल जायचं म्हणजे हेच असतं. दुखलं नाही तर आपण खोल गेलोच नाही.

उज्वला


मुदखेड, ६ मार्च

शिल्पे,

येते.

लगेच हुरळून जाऊ नको. तुझ्यासाठी येत नाही. अण्णांनी डोकं खाल्लं म्हणून येते. ‘तू जाऊन बघून ये, बारकी नीट जेवती का.’ माझं जेवण त्यांनी कधी विचारलं नाही, पण असो. तुझ्यासाठी त्यांनी स्वतः उखळात मुसळानं कुटून शेंगदाण्याची चटणी केली. माय गेल्यापासून त्या मुसळाला त्यांनी हात लावला नव्हता. सगळी चटणी तुला. मी वास घेतला तर म्हणाले, “फोडू नको, तिथवर टिकली पाह्यजे.”

मायवरून निघालंच आहे तर लिहून टाकते. तू तिच्या दहाव्यालाही पोचली नाहीस. तुझ्या बेटावरून निघायला बोट नव्हती, वादळ होतं, ते सगळं दाजींनी मला समजावलं. मला समजलंही. पण तू तेराव्याला आलीस, उन्हानं रापलेली, केस सोनेरी झालेली, आणि सगळा गाव तुझ्या गळ्यात पडून रडला. वर्षभर मायचं हगणंमुतणं काढलेली मी चुलीपाशी भात ढवळत होते. म्हणून मी म्हणाले, तू आता पाण्यातच राहा, मला फोन करू नको. चार वर्षं तू ऐकलंस. इतर कुठलं माझं ऐकलं नाहीस, तेवढं बरं ऐकलंस.

पासपोर्ट झाला. दाजी हैदराबादच्या विमानतळापर्यंत सोडायला येणार आहेत. ते म्हणाले, “जाऊन भांडून ये. इथं बसून एकटीच भांडायलीस, मला ताप.” वहिदानं ड्रेस शिवलाय, गडद निळा, बाह्यांना पिवळी पट्टी. मी म्हणाले पट्टी कशाला? म्हणाली, “समंदर बड़ा है. दिखनी तो चाहिए तू.”

मी वरूनच बघणार आहे. तूच लिहिलंस की तो मासा वरती येतो, तोंडावर चष्मा आणि नळी लावून बघता येतो. तेवढंच करणार. टाकीचा आग्रह करायचा नाही. कारण विचारायचं नाही.

उज्वला


धिगुरा (मालदीव), १७ एप्रिल

शिल्पे,

तू पलीकडच्या खोलीत आहेस आणि मी इथं बसून पत्र लिहायलेय. समोर बोललं की माझा आवाज चढतो आणि तुझी घरमालकीण घाबरून पडद्याआडून बघते.

आल्यापासून रोज बोटीवर जातोय आणि मासा नाही. मी काही बोलले का? नाही. पाहुणे कुरकुरतात तेव्हा तू त्यांना सांगतेस, हे प्राणिसंग्रहालय नाही, तो त्याच्या मर्जीनं येतो. खडकाच्या कडेनं बोट हळूहळू जाते, हमजा सुकाणूवर, तू टपावर उभी राहून पाण्यात सावली शोधतेस. मी खाली बसून तुझ्याकडं बघते. बोटीवरचे सगळे समुद्र बघतात, मी तुला बघते.

काय काय दिसलं ते लिहिते. तू इंग्रजी बोलतेस, आणि इथल्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलतेस, आणि ते हसतात. हमजाची म्हातारी आई तुझ्यासाठी मासळीचा डबा पाठवते. लहानमोठी सगळी माणसं रस्त्यात ‘शिल्पा’ म्हणून हाक मारतात. मला मुदखेडला ‘पॉइंट्समनची बायको’ म्हणतात, नांदेडला ‘मॅडम’. माझ्या नावानं मला हाक मारणारी वहिदा एकटी.

काल तू पाहुण्यांतल्या एका जर्मन बाईला पाण्यात उतरवलंस. ती थरथरत होती. तू तिच्या हनुवटीखाली हात धरलास आणि म्हणालीस, डोकं सोडून दे, पाणी धरतंय तुला. मी बोटीच्या काठावरून ऐकलं. हे माझं वाक्य आहे, शिल्पे. शब्द न् शब्द माझं. तू ते इंग्रजीत केलंस आणि त्या बाईनं तुला मिठी मारली.

मला तेव्हा काय वाटलं ते लिहिते, कारण वहिदा म्हणते तसं त्याला सर्दी म्हणण्यात अर्थ नाही. मला वाटलं की तुझ्या पायाला काही तरी व्हावं. फार नाही. थोडं लचकावं. तू आठ दिवस खोलीत बसावंस आणि बोटीवर मी जावं, आणि ‘उज्वला, उज्वला’ म्हणून लोकांनी मला हाक मारावी.

एवढी मी वाईट आहे. चटणी मात्र तुला पूर्ण दिली. चव घेतली नाही.

उद्या शेवटचा दिवस. नाही दिसला तर नाही दिसला. मी घरी जाऊन सांगेन की तसला मासा नाहीच, बारकीनं कागदाचा केलाय.

उज्वला


मुदखेड, ४ मे

शिल्पे,

कान वाहायचा थांबला. लातूरच्या त्याच डॉक्टरकडं गेले. तो मला ओरडला, तू बोटीवर ओरडलीस त्याच्या निम्म्यानंसुद्धा नाही. पडद्याला भोक जुनं आहे, बहुतेक लहानपणापासूनचं. शिवता येईल म्हणतो, पण ऑपरेशननंतरही टाकी बांधून खाली जायला परवानगी देणार नाही. तेव्हा तो विषय संपला. जानेवारीतच त्यानं मला हे सांगितलं होतं. कोर्सच्या कागदावर सही घ्यायलाच मी गेले होते, आणि त्यानं कागद तसाच परत दिला. तुला सांगितलं नाही. का ते बोटीवर तुला कळलं.

तुझे दाजी आता सगळ्यांना तो प्रसंग सांगतात. पण त्यांनी बघितलेला नाही, आणि तू तुझ्या बाजूनं बघितलास. माझ्या बाजूनं काय झालं ते लिहून ठेवते.

हमजानं शीळ घातली तेव्हा मी ऊन लागून पेंगत होते. तू टपावरून ओरडलीस, सगळे धडाधड उड्या मारायला लागले. मी चष्मा लावून पाण्यात उतरले. आधी नुसता निळा रंग, आणि सगळ्यांचे पाय. मग खालून काही तरी वर यायला लागलं. मला वाटलं समुद्राचा तळच वर येतोय. मग ठिपके दिसले.

तो माझ्या खालून गेला. तोंड बंद होतं. डोळा एवढासा, लिंबाएवढा, आणि त्यानं मला बघितलं असं मी म्हणणार नाही. त्याला माझं काही पडलेलं नव्हतं. शेपूट एकदा इकडं, एकदा तिकडं, घाई कसलीच नाही. बाकीचे हातपाय मारून मागं धावत होते आणि मागं पडत होते. मग त्यानं तोंड खाली केलं आणि निघाला.

आणि मी त्याच्या मागून गेले.

ठरवून गेले नाही. छाती भरून घेतली, कंबरेत वाकले, पाय वर गेले, विहिरीत जायचे तशी सरळ खाली. तो पुढं, मी मागं. कान दुखलाच नाही, त्याचंच मला नवल वाटलं. पाणी गार होत गेलं. त्याची पाठ एवढी रुंद होती की कडा दिसत नव्हत्या. आणि मग कानात गार काही तरी शिरलं आणि सगळं फिरलं. वर कुठं, खाली कुठं, काही सुधरेना. मासा गोल फिरायला लागला, मग मी, मग समुद्र. मी जोरानं पाय मारले आणि अंधाराकडं चालले होते, हे तू नंतर सांगितलंस. मला वाटत होतं मी वरच चाललेय.

तू माझी वेणी धरून ओढलंस. तुझ्या पाठीवर टाकी नव्हती. तूही नुसत्या छातीतल्या हवेवर आली होतीस तेवढं खाली.

बोटीवर मी ओकत होते आणि पाहुणे गोल करून उभे होते. त्या सगळ्यांपुढं तू, त्यांची गोड बोलणारी शिल्पा, चाकूरच्या बाजारात ओरडावं तशी ओरडलीस. “येड लागलंय का तुला? कुठं चालली होतीस? मरायचं होतं का?”

मी कानावर हात धरून बसले. तुला लगेच कळलं. तुझा धंदाच आहे तो.

“कान फुटलाय?”

“जुनाच आहे.”

“ठावं होतं तुला? आन् तरी गेलीस? मला कामून सांगितलं न्हाई?”

“तुला बरं वाटलं असतं म्हणून.”

ते वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं कुणास ठाऊक. हमजानं शहाळं फोडून माझ्या हातात दिलं आणि बोट वळवली.

संध्याकाळी धक्क्यावर बसलो तेव्हा मीच मुलाखतीचं काढलं. मला वाटलं तू म्हणशील की पेपरवाल्यानं चूक केली. तू म्हणालीस, “मीच सांगितलं तसं. अण्णांना बरं वाटावं म्हणून. माय गेल्यावर त्यांच्याशी बोलायला माझ्याजवळ काहीच राह्यलं न्हाई, अक्का. फोन केला की ते हवा विचारतात, मी हवा सांगते. म्हणलं, एवढं तरी त्यांना द्यावं.”

“माझं उचलून दिलंस.”

“हाव. तुझं उचलून दिलं. तुझ्याजवळ लई हाय.”

मी हसले. माझ्याजवळ काय आहे, शिल्पे? रेल्वेचं क्वार्टर आहे.

तेव्हा तू विचारलंस, “माय गेली तेव्हा तिचा हात कुणाच्या हातात होता?”

“माझ्या.”

“ती काय म्हणाली शेवटी?”

“पाणी मागितलं. मी चमच्यानं दिलं. म्हणाली, बस्स.”

“मग तुला आणखी काय पाह्यजे?” असं म्हणून तू इतकी रडलीस की मला तुझं तोंड माझ्या पदरात दाबावं लागलं, कारण ती घरमालकीण जेवायला बोलवायला धक्क्यापर्यंत येऊन उभी होती.

मला हे कधी सुचलंच नव्हतं. माय होती त्या लातूरच्या दवाखान्यातला वास, चादरी, नर्सची बोलणी, ह्याचाही कुणाला हेवा वाटेल. चार वर्षं तू त्या खाटेशेजारच्या माझ्या स्टुलाचा हेवा करत होतीस आणि मी तुझ्या समुद्राचा. खोटं कशाला बोलू? तुला माझा हेवा वाटतो हे ऐकून आधी मला बरं वाटलं. वाईट मग वाटलं.

परवा चाकूरला जाऊन आले. अण्णांनी दारातच विचारलं, “बारकी जेवती का नीट?” जेवते म्हणाले. चटणी सगळी संपवली म्हणाले. ते खूश झाले. मग मी पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, “अण्णा, शिल्पाला पवायला मी शिकवलं.” त्यासाठी मी वाटेत चांगली तयारी केली होती. अडचणीत आणायचे प्रश्न, साक्षीदार, सगळं. संगमेश्वरकाकांनासुद्धा बोलवायचं ठरवलं होतं.

अण्णा माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, “हाव, मग! तूच शिकवलं. मला कुठं पवता येतंय?”

“मग पेपरात...”

“पेपरात तिनं सांगितलं, मी कशाला न्हाई म्हणू? पर मला पवता येत न्हाई हे साऱ्या गावाला ठावं हाय. मी काठावर बसायचो ते भेव वाटायचं म्हणून. तुम्ही दोघी आत. मला उडी तर मारता यायची न्हाई. तुम्ही वर येईस्तोवर बिडीवर बिडी पेटवायचो.”

मला चहा करून देऊ का, असं त्यांनी विचारलं. आजवर विचारलं नव्हतं. केला त्यांनी. साखर जास्त झाली होती.

हे सगळं वाचून आपलं मिटलं असं समजू नको. तुझा व्हिडिओ काल परत बघितला आणि परत तेच जळणं सुरू झालं. ते जाईल असं मला वाटत नाही. वहिदाला मी तसं सांगितलं, तर ती म्हणाली, “रहने दे. सगी बहन है, पराई से थोड़ी जलते?”

फक्त एक गोष्ट मी तुला धक्क्यावर सांगितली नाही, कारण तू रडत होतीस आणि मग जेवायची वेळ झाली. तू अंगणात पहिलं पाऊल टाकलंस तेव्हापासून मी काहीही बघताना आधी तुझ्याकडं बघत आलेय. बांगडी घेतली तर तुझ्या हातातली बघून. लग्नात माझ्या अंगावर शालू आणि मी बघते तुझ्या परकराकडं, तुला कसा शोभतोय. मायचं तोंड बघायचं तर ती तुझ्याकडं बघतेय का, ते आधी. बोटीवरही तेच. पण तो मासा माझ्या खालून जायला लागला, डोकं गेलं, कल्ले गेले, पाठ, पाठ, पाठ, संपेचना, आणि शेवटी ती शेपूट सावकाश हलत गेली, तोवर तू कुठं होतीस मला माहीत नाही. माझ्या उजवीकडं होतीस म्हणे. हाताच्या अंतरावर.

मी बघितलंच नाही.

अक्का